भारतातील लिबरेटर स्क्वाड्रन (दुसरे महायुद्ध)

भारतातील लिबरेटर स्क्वाड्रन म्हणजे दुसऱ्या महायुद्धात बंगालमधील विमानतळांवरून जपानव्याप्त ब्रह्मदेश, सयाम आणि मलाया येथील लक्ष्यांवर हल्ले करणारी, रॉयल एअर फोर्स या ब्रिटिश हवाई दलाची अवजड बॉम्बफेकी स्क्वाड्रन होत. यांत प्रामुख्याने ९९, १५९, २१५, ३५५ आणि ३५६ या क्रमांकांच्या स्क्वाड्रनचा समावेश होतो. ही स्क्वाड्रन नावाने ब्रिटिश असली तरी त्यांतील वैमानिक, दिशादर्शक, बिनतारी संदेशक आणि मशीनगनचालक ब्रिटनबरोबरच कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि इतर राष्ट्रकुल देशांतून आलेले होते. ज्या देशाच्या भूमीवरून ही विमाने उडत, त्या भारतातील हवाई दलाकडे मात्र महायुद्ध संपेपर्यंत एकही अवजड बॉम्बफेकी विमान नव्हते. युद्धानंतर कानपूर येथे टाकून दिलेल्या लिबरेटर विमानांची भारतीय तंत्रज्ञांनी दुरुस्ती केली आणि त्यांतून स्वतंत्र भारताचे पहिले अवजड बॉम्बफेकी दल उभे राहिले. पुण्याच्या लोहगाव तळावर ही विमाने १९६८ पर्यंत कार्यरत होती.

पार्श्वभूमी

जपानने डिसेंबर १९४१ मध्ये युद्धात प्रवेश केल्यानंतर काही महिन्यांतच मलाया, सिंगापूर आणि ब्रह्मदेश ब्रिटिशांच्या हातून गेले. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि मे महिन्यापर्यंत ब्रिटिश व भारतीय सैन्य आसामच्या सीमेपर्यंत मागे हटले. २० डिसेंबर १९४२ रोजी कलकत्त्यावर जपानी विमानांनी बॉम्ब टाकले. तोपर्यंत भारतातील हवाई संरक्षणाची रचना मुख्यतः वायव्य सरहद्दीच्या दृष्टीने केलेली होती. पूर्वेकडे नव्या तळांची तातडीची गरज निर्माण झाल्याने १९४२ मध्ये दोनशेहून अधिक विमानतळ बांधण्याचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. यंत्रसामग्री अपुरी असल्याने खडी फोडणे, माती वाहणे आणि धावपट्टी सपाट करणे ही बहुतेक कामे हजारो स्थानिक स्त्री-पुरुष मजुरांनी हातांनी केली.

बंगालमधील मिदनापूर जिल्ह्यातील सालबनी व डिग्री आणि नदिया जिल्ह्यातील धुबुलिया हे अवजड विमानांचे प्रमुख तळ ठरले. याच काळात मिदनापूर जिल्हा ‘भारत छोडो’ आंदोलनाचे एक प्रखर केंद्र होता. ऑक्टोबर १९४२ मधील चक्रीवादळाने जिल्ह्याची किनारपट्टी उद्ध्वस्त केली आणि पुढच्या वर्षी बंगालचा भीषण दुष्काळ आला. परदेशातून आलेले हवाई कर्मचारी अशा प्रदेशात राहत होते. तळाच्या कुंपणाबाहेरचे युद्धकालीन जीवन आणि आतले जीवन यांत मोठी तफावत होती.

विमान

बी-२४ लिबरेटर हे चार इंजिनांचे विमान अमेरिकेतील कन्सॉलिडेटेड एअरक्राफ्ट या कंपनीने तयार केले. त्याचे पहिले उड्डाण २९ डिसेंबर १९३९ रोजी झाले. सुमारे ३३.५ मीटर लांबीचे अरुंद पंख, प्रत्येकी १,२०० अश्वशक्तीची चार इंजिने आणि मोठी इंधनक्षमता यांमुळे ते लांब पल्ल्याच्या कामासाठी विशेष उपयुक्त ठरले. १८,०००हून अधिक लिबरेटर बांधली गेली. ‘लिबरेटर’ हे नाव ब्रिटिशांनी दिले आणि पुढे ते अमेरिकेतही रूढ झाले.

युरोपातील युद्धात ब्रिटिश बॉम्बर कमांडने लँकेस्टर आणि हॅलिफॅक्स या विमानांवर भर दिला होता. आग्नेय आशियात मात्र अंतर हा सर्वांत मोठा अडथळा होता. लंडन ते बर्लिन हे अंतर सुमारे ९३० किलोमीटर आहे. सालबनी ते रंगून हे अंतर त्याहून जास्त, म्हणजे सुमारे १,१०० किलोमीटर भरते. मलायातील पेनांग बंदर बंगालच्या तळांपासून सुमारे २,४०० किलोमीटरवर होते, म्हणजे नागपूर-कोलकाता या हवाई अंतराच्या दुपटीहून अधिक. वाटेत बहुतांशी समुद्र किंवा शत्रूच्या ताब्यातील जंगल असे. त्यामुळे येथे लिबरेटरलाच पसंती मिळाली.

स्क्वाड्रन आणि त्यांची रचना

क्रमांक १५९ हे भारतात कार्यरत झालेले पहिले ब्रिटिश लिबरेटर स्क्वाड्रन होय. त्याची विमाने मध्यपूर्वेतील मोहिमांनंतर १९४२ मध्ये सालबनीला आली व त्या वर्षाच्या अखेरीस ब्रह्मदेशावरील मोहिमा सुरू झाल्या. पुढे हे स्क्वाड्रन डिग्री येथे हलले. क्रमांक ३५५ ऑगस्ट १९४३ मध्ये आणि क्रमांक ३५६ जानेवारी १९४४ मध्ये, ही दोन्ही स्क्वाड्रन सालबनी येथेच स्थापन झाली. क्रमांक ९९ आणि २१५ ही स्क्वाड्रन पूर्वी वेलिंग्टन या दोन इंजिनांच्या विमानांवर काम करीत होती. १९४४ मध्ये त्यांनी लिबरेटरचा स्वीकार केला. क्रमांक ९९ स्क्वाड्रनला ‘मद्रास प्रेसिडेन्सी’ हे बिरुद होते. भारतीय प्रांत आणि संस्थानांनी युद्धनिधी दिल्यावर अशी नावे स्क्वाड्रनना जोडली जात.

ही स्क्वाड्रन २३१ क्रमांकाच्या ग्रुपखाली होती. डिसेंबर १९४३ मध्ये ब्रिटिश व अमेरिकी हवाई दलांचे एकत्रीकरण होऊन ईस्टर्न एअर कमांडची स्थापना झाली. तिच्या अंतर्गत २३१ ग्रुप आणि अमेरिकेचा सातवा बॉम्बर्डमेंट ग्रुप मिळून स्ट्रॅटेजिक एअर फोर्स तयार झाला. नव्याने आलेल्या कर्मचाऱ्यांना लिबरेटरचे प्रशिक्षण देण्यासाठी म्हैसूर संस्थानातील कोलार येथे स्वतंत्र केंद्र होते.

राष्ट्रकुल देशांतील हवाई कर्मचारी

एकाच विमानात निरनिराळ्या देशांचे लोक एकत्र येण्यामागे युद्धकालीन प्रशिक्षणाची रचना होती. १७ डिसेंबर १९३९ रोजी ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यात ओटावा येथे करार होऊन राष्ट्रकुल हवाई प्रशिक्षण योजना सुरू झाली. या योजनेखाली एकट्या कॅनडात १,३१,०००हून अधिक हवाई कर्मचारी तयार झाले. युरोपात कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया यांची स्वतःच्या नावाची अवजड बॉम्बफेकी स्क्वाड्रनही उभी राहिली. भारतातील लिबरेटर स्क्वाड्रन मात्र सर्वच्या सर्व रॉयल एअर फोर्सची होती. परिणामी कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील हवाई दलांचे लोक आपापला गणवेश आणि खांद्यावरील देशाचे नाव कायम ठेवून ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर मिश्र तुकड्यांत काम करीत.

लिबरेटरच्या तुकडीत साधारणतः आठ ते अकरा जण असत. मुख्य वैमानिक आणि सहवैमानिक यांच्याखेरीज दिशादर्शक, बॉम्बफेक करणारा, बिनतारी संदेशक, उड्डाण अभियंता आणि नाक, पाठ, बाजू व शेपूट या ठिकाणचे मशीनगनचालक अशी कामांची वाटणी होती. हुद्दा आणि जबाबदारी यांचे नाते जमिनीवरील सैन्यासारखे नव्हते. सार्जंट हुद्द्याचा वैमानिक विमानाचा कप्तान असेल, तर हवेत असेपर्यंत त्याच्याहून वरिष्ठ अधिकाऱ्यालाही त्याचे म्हणणे मानावे लागे. दिशादर्शकाचे काम विशेष कसोटीचे होते. बंगालच्या उपसागरावरून रात्री जाताना खाली एकही खूण नसे. तारे, घड्याळ, होकायंत्र आणि वाऱ्याचा अंदाज यांवरच संपूर्ण विमानाचे परतणे अवलंबून असे.

मोहिमा

या स्क्वाड्रनचे मुख्य काम जपानी सैन्याची रसद तोडणे हे होते. रंगूनची गोदी व रेल्वे यार्ड, मंडालेकडे जाणारे लोहमार्ग, पूल, इंधनसाठे आणि किनाऱ्यावरील जहाजे ही प्रमुख लक्ष्ये होती. १९४४ मध्ये इंफाळ आणि कोहिमा येथे जपानी सैन्य लढत असताना त्याच्यामागील दळणवळणावर हे हल्ले चालू होते. रंगूनवरील हल्ल्यांना भारतीय इतिहासात आणखी एक संदर्भ आहे. जानेवारी १९४४ पासून आझाद हिंद सरकारचे मुख्यालय याच शहरात होते. त्यामुळे भारतातून उडणारी विमाने ज्या शहरावर बॉम्ब टाकीत, तेथे भारताच्या स्वातंत्र्यासाठी शस्त्र उचललेले भारतीय सैनिकही होते.

दूरच्या बंदरांत सागरी सुरुंग पेरणे हे दुसरे महत्त्वाचे काम होते. क्रमांक १५९चे प्रमुख विंग कमांडर जेम्स ब्लॅकबर्न यांनी इंधनाच्या वापराचा बारकाईने अभ्यास करून इंजिनांची गती, उंची आणि वजन यांचा मेळ बसवला. त्यामुळे लांबच्या मोहिमेवर लिबरेटरने न्यावयाचा भार सुमारे ३,००० पौंडांवरून ८,००० पौंडांपर्यंत वाढवता आला. ही पद्धत पुढे इतर स्क्वाड्रननीही स्वीकारली. २७ ऑक्टोबर १९४४ रोजी १५ लिबरेटर विमानांनी पेनांग बंदराच्या मुखाशी सुरुंग पेरले. जाऊन-येऊन सुमारे ३,००० मैलांचा, म्हणजे जवळजवळ ४,८०० किलोमीटरचा हा प्रवास होता आणि त्यासाठी पंधरा तासांहून अधिक काळ सलग उड्डाण करावे लागले.

सर्वांत अवघड नैतिक प्रश्न ब्रह्मदेश-सयाम रेल्वेवरील हल्ल्यांतून उभा राहिला. जपान्यांनी ऑक्टोबर १९४३ मध्ये पूर्ण केलेला हा ४१५ किलोमीटरचा मार्ग ६०,०००हून अधिक दोस्त युद्धकैद्यांकडून आणि त्याहून कितीतरी अधिक आशियाई मजुरांकडून बांधून घेतला होता. या मजुरांत मलायातील तमिळ मळेकामगारही मोठ्या संख्येने होते. सुमारे १२,००० युद्धकैदी आणि अनेक पटींनी अधिक मजूर या कामात मरण पावले. मार्ग सुरू झाल्यावरही कैद्यांच्या छावण्या पुलांच्या आणि स्थानकांच्या जवळच होत्या. त्यामुळे रेल्वेवर पडणारा बॉम्ब आपल्याच लोकांवर पडण्याची शक्यता असे आणि काही हल्ल्यांत युद्धकैदी मारलेही गेले. कैद्यांत ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन बहुसंख्य होते. विमानातील मशीनगनचालक आणि खालचा कैदी एकाच देशाचे असणे ही येथे अपवादात्मक गोष्ट नव्हती. कांचनाबुरीजवळील ख्वाए नदीवरील पुलांवर अमेरिकी आणि ब्रिटिश लिबरेटरनी अनेकदा हल्ले केले. २४ जून १९४५ रोजीच्या ब्रिटिश हल्ल्यानंतर हा मार्ग युद्ध संपेपर्यंत निकामी राहिला.

धोके आणि युद्धबंदी

जपानी लढाऊ विमाने आणि विमानविरोधी तोफा यांच्याइतकाच धोका हवामानाचा होता. पावसाळ्यात उपसागरावर उभे राहणारे प्रचंड गडगडाटी ढग विमानाला हजारो फूट वरखाली फेकीत. त्यांच्या माथ्यावरून जाणे अशक्य असे आणि त्यांना वळसा घालणे इंधनाला परवडत नसे. एखादे इंजिन बंद पडल्यास उरलेल्या तीन इंजिनांवर शेकडो किलोमीटर समुद्र पार करावा लागे. अनेक विमाने मोहिमेवरून परतलीच नाहीत आणि त्यांतील काहींचा ठावठिकाणा कधीच लागला नाही.

शत्रूच्या प्रदेशात उतरावे लागलेल्यांची स्थिती अधिक बिकट होती. रंगूनच्या मध्यवर्ती तुरुंगात पकडलेल्या हवाई कर्मचाऱ्यांना इतर युद्धकैद्यांपासून वेगळे ठेवले जाई आणि नागरी वस्तीवर बॉम्ब टाकणारे गुन्हेगार म्हणून अधिक कठोर वागवले जाई. क्रमांक १५९ स्क्वाड्रनमधील बिनतारी संदेशक फ्लाइट सार्जंट स्टॅनली वुडब्रिज यांचे लिबरेटर ३१ जानेवारी १९४५ रोजी ब्रह्मदेशच्या जंगलात कोसळले. वाचलेले सहा जण पकडले गेले. बिनतारी यंत्रणा आणि सांकेतिक लिपी यांची माहिती मिळवण्यासाठी जपान्यांनी वुडब्रिज यांचा विशेष छळ केला. त्यांनी काहीही सांगितले नाही. ७ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांचा आणि आणखी तिघा सहकाऱ्यांचा शिरच्छेद करण्यात आला. वुडब्रिज यांना १९४८ मध्ये मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हा सन्मान मिळाला. या प्रकरणी संबंधित जपानी अधिकारी व सैनिकांवर युद्धगुन्ह्यांचा खटला चालवून शिक्षा देण्यात आली.

एप्रिल १९४५च्या अखेरीस जपानी सैन्य रंगून सोडून गेले. तुरुंगातील कैद्यांनी जपानी निघून गेल्याचा संदेश छतावर मोठ्या अक्षरांत रंगवून वरून जाणाऱ्या विमानांना कळवला. त्यानंतर काही स्क्वाड्रनची लक्ष्ये आणखी आग्नेयेकडे सरकली. क्रमांक ९९ आणि ३५६ यांना हिंदी महासागरातील कोकोस बेटांवर हलवण्यात आले. ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करल्यावर लिबरेटरवर शेवटचे काम आले ते कैद्यांच्या छावण्यांवर पत्रके, अन्न आणि औषधे टाकण्याचे. छावण्यांतील कैद्यांनी तोवर भीतीने ऐकलेला इंजिनांचा आवाज आता सुटकेची वार्ता घेऊन आला.

भारतीयांचा सहभाग

युद्धाच्या अखेरीस भारतीय हवाई दलात नऊ स्क्वाड्रन होती. युद्धकाळात त्यांनी लायसँडर, हरिकेन, व्हेंजन्स आणि स्पिटफायर ही एक इंजिनाची विमाने वापरली. सैन्याला साहाय्य करणे आणि टेहळणी करणे हे त्यांचे मुख्य काम होते. अवजड बॉम्बफेकी विमानांपासून भारतीयांना दूर ठेवले गेल्याने चार इंजिनांच्या विमानाचा अनुभव भारतात जवळजवळ कोणालाच नव्हता. लिबरेटर तळांवर भारतीय होते ते मुख्यतः मजूर, स्वयंपाकी, सेवक आणि कारागीर या नात्याने.

युरोपात याला थोडे अपवाद आढळतात. १९४० मध्ये २४ भारतीय वैमानिकांची तुकडी ब्रिटनला रवाना झाली. अवजड बॉम्बफेकी विमानात काम केलेल्या भारतीयांत शैलेंद्र एकनाथ सुखठणकर यांचे नाव विशेष उल्लेखनीय आहे. ते क्रमांक ८३ स्क्वाड्रनमध्ये लँकेस्टर विमानाचे दिशादर्शक होते. हे स्क्वाड्रन पाथफाइंडर दलाचा भाग होते. मुख्य दलाच्या पुढे जाऊन लक्ष्य शोधणे आणि ते प्रकाशखुणांनी दाखवणे हे या दलाचे काम असे. सुखठणकर यांनी उड्डाणे केलेल्या विमानांपैकी आर ५८६८ या क्रमांकाचे लँकेस्टर नंतर ऑस्ट्रेलियाच्या ४६७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे गेले. शंभरहून अधिक मोहिमा पूर्ण केलेले हे विमान आज लंडनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात आहे. बॉम्बर कमांडच्या सुमारे १,२५,००० हवाई कर्मचाऱ्यांपैकी ५५,५७३ जण युद्धात मरण पावले. एवढ्या हानीमुळे अशा विमानांत काम करून परतणे हीच मोठी गोष्ट मानली जाई.

महाराष्ट्राशी संबंध

जहाजाने येणाऱ्या बहुतेक हवाई कर्मचाऱ्यांचे भारतातील पहिले पाऊल मुंबई बंदरात पडे. वरळी येथील तात्पुरत्या छावणीत काही दिवस किंवा आठवडे काढल्यावर त्यांना पुढील तळांकडे पाठवले जाई. मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारा एक प्रमुख लोहमार्ग नागपूरवरून जातो. नागपूरचा सोनेगाव विमानतळ युद्धकाळात रॉयल एअर फोर्सने लांबच्या उड्डाणांतील मधल्या थांब्यासाठी वापरला. मायदेशी परतणाऱ्या सैनिकांसाठी नाशिकजवळील देवळाली ही जुनी छावणी प्रसिद्ध होती.

पुण्याजवळ खडकी येथे असलेल्या युद्धस्मशानभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६००हून अधिक राष्ट्रकुल सैनिकांच्या कबरी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या ज्या कबरींची कायमस्वरूपी निगा राखणे शक्य नव्हते, त्या एकत्र आणण्यासाठी ही स्मशानभूमी निर्माण करण्यात आली. ज्या हवाई कर्मचाऱ्यांचे अवशेष सापडलेच नाहीत, त्यांची नावे सिंगापूरमधील क्रांजी येथील स्मारकावर कोरलेली आहेत. या स्मारकावर एकूण २४,०००हून अधिक नावे आहेत.

युद्धानंतर

लिबरेटर विमाने अमेरिकेने उसनवार-भाडेपट्टा करारान्वये दिली होती. युद्ध संपल्यावर ती परत करणे किंवा नष्ट करणे आवश्यक होते. भारतातील अनेक विमाने कानपूरच्या चकेरी तळावर आणून, ती पुन्हा उडू नयेत अशा रीतीने मोडतोड करून, उघड्यावर सोडण्यात आली. स्वातंत्र्यानंतर काश्मीरमधील युद्धाच्या काळात भारताला बॉम्बफेकी विमानांची निकड भासली. तेव्हा बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट या कारखान्याने ही विमाने दुरुस्त करण्याचे काम स्वीकारले. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये स्थापन केलेल्या या कारखान्याला युद्धकाळात अमेरिकी विमानांच्या दुरुस्तीचा अनुभव मिळालेला होता.

एका विमानाचे सुटे भाग दुसऱ्याला लावून प्रत्येक लिबरेटर कानपूर येथे केवळ उडण्यापुरते तयार केले जाई. मग ते पूर्ण दुरुस्तीसाठी बंगळूरला नेले जाई. कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी हे धोक्याचे काम पार पाडले. अशा रीतीने सुमारे चाळीस विमाने पुन्हा सेवेत आली. २ नोव्हेंबर १९४८ रोजी कानपूर येथे क्रमांक ५ स्क्वाड्रनची स्थापना झाली. भारतीय हवाई दलाचे हे पहिले अवजड बॉम्बफेकी स्क्वाड्रन होय. १९५१ मध्ये क्रमांक ६ स्क्वाड्रन पुणे येथे लिबरेटरसह पुन्हा उभारण्यात आले आणि त्याच्याकडे सागरी टेहळणीचे काम सोपवण्यात आले. अरबी समुद्रावर टेहळणी करणारी ही विमाने १९६८ मध्ये निवृत्त झाली. कानपूरच्या त्याच परिसरातील दुरुस्ती आगार आज हवाई दलाच्या देखभाल कमांडखाली असून या कमांडचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

वारसा

इतर देशांनी आपली बहुतेक लिबरेटर विमाने युद्धानंतर लगेच भंगारात काढली. भारताने ती आणखी वीस वर्षे वापरल्यामुळे जगात आज शिल्लक असलेल्या मोजक्या लिबरेटर विमानांपैकी अनेक विमाने भारतीय हवाई दलाकडून गेलेली आहेत. ती अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन येथील संग्रहालयांत पाहावयास मिळतात. एक विमान दिल्लीच्या पालम येथील हवाई दल संग्रहालयात आहे.

यांपैकी के एन ७५१ या विमानाच्या वाटचालीत या विषयाचे सर्व धागे एकत्र येतात. अमेरिकेत बांधलेले हे विमान १९४५ मध्ये कोकोस बेटांवर क्रमांक ९९ स्क्वाड्रनकडे होते. युद्धानंतर ते कानपूरला पोहोचले, एचई ८०७ या नव्या क्रमांकाने भारतीय हवाई दलात दाखल झाले आणि पुण्याच्या क्रमांक ६ स्क्वाड्रनमध्ये त्याने सेवा बजावली. १९७४ मध्ये भारताने ते ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयाला भेट दिले. भारतीय हवाई दलाच्या तुकडीनेच ते उडवत ब्रिटनला पोहोचवले.